पंधराशे पन्नास

अदेरितो, ते ठिपक्यांचं पुस्तक आठवतं का?
मिंदेलोच्या बंदरात, कस्टमच्या जुन्या गोदामात
केबल कंपनीचा डॉक्टर एकेक पान उलटायचा
आणि विचारायचा, कोणता आकडा?
तू म्हणालास, आकडा कुठाय,
नुसती वाळू आहे.

दोन वर्षं तू काचेच्या तारांपायी डोळे फोडले होतेस.
प्रकाश काचेत कसा कोंडतो, वळणावर का सांडत नाही,
हे मला तूच दाखवलंस, गच्चीवर,
पाण्याच्या पिंपाला भोक पाडून.
मागून टॉर्च धरलास,
आणि धार वाकली तसा उजेडही वाकला,
माझ्या ओंजळीत येऊन पडला.
आईने पिंपापायी तुला धोपटलं ते वेगळं.

नोकरी मला लागली.
मी तर तुझी टोपी धरायला आले होते.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी,
राखाडी, पांढरा...
बारा वर्षं झाली, हा क्रम झोपेतही चुकत नाही.
जहाजावर मी जोडारी. तू किनाऱ्यावर, केबलघरात.
तिथे रेघा वाचायच्या असतात, रंग नाही,
हे साहेबाला पटवायला तुला तीन अर्ज लागले.

परवा कुणाचा तरी नांगर फरफटला
सांता लुझियाच्या उथळ पट्ट्यात.
बेटं मुकी झाली.
रॉटरडॅमचे पैसे वाटेतच राहिले,
आणि दोना मॅक्सिमियानाचा मुलगा
फोनच्या पडद्यावर अर्ध्या शब्दात गोठला,
तोंड उघडं. ती त्याच्याकडे बघत
दोन दिवस तशीच बसून होती म्हणे.

तू आकडा कळवलास: अकरा किलोमीटर, चारशे मीटर.
उतरती रेघ चालता चालता
कड्यावरून पडावी तशी जिथे पडली होती, ती जागा.
गळ टाकला. सापडली.
एका मीटरचाही फरक नव्हता, असं लिहिलं असतं,
पण होता. नऊ मीटरचा.

आता दोन्ही टोकं माझ्या टेबलावर.
बाहेर वाळवंटाची धूळ, सूर्य ताकासारखा पांढुरका.
आत मी दार लावून केसाहून बारीक तार सोलते,
स्पिरिटने पुसते, कापते,
कापलेला कण चिकटपट्टीवर घेते आणि मोजते.
एक कण तिसऱ्या वर्षी निसटला,
तो अजून डाव्या अंगठ्यात आहे.
दिसत नाही. कधीतरी बोलतो.

यंत्र टोकाला टोक आपणच जुळवतं आता.
नवी मुलगी, ज्युसारा, विचारते,
मग आपण कशाला, ताई?
मी उत्तर देत नाही. लाट मोजते.
दोन लाटांमध्ये जरा सपाट जागा मिळते,
तिथे म्हणते, हं.
ठिणगी.
जोड कुठे आहे ते मलाही सांगता येत नाही.

रेडिओवर म्हटलं, टाक उजेड.
ज्युसारा सुट्या टोकाशी वाकली, बघायला.
मी खांदा धरून मागे ओढली.
पंधराशे पन्नास नॅनोमीटर, पोरी.
डोळा भाजेल आणि डोळ्याला कळणारही नाही.
मग कोणता रंग आहे त्याचा? म्हणाली.

कुठलाच नाही.
ती, मी, तो ठिपक्यांचा डॉक्टर,
या उजेडापुढे सगळ्यांना नुसती वाळू.
आणि पलीकडे, पंख्याखाली, एकटा तू
त्याची रेघ वाचतोयस.

रेडिओ बराच वेळ खरखरला.
डेसिबलचे दोन शतांश, म्हणालास. चालेल.
(इतकंच. माझं कौतुक तू कधी केलंयस?)
मग कागद उलटल्याचा आवाज आला.
पुढची कोणती?
नारिंगी, मी म्हटलं.

म्हणजे दुसरी, तू म्हणालास.