चारच्या अलीकडचे सात

काल ट्राममध्ये एका म्हाताऱ्याने
तिकिटाचे पैसे तांब्याच्या पेन्यांत मोजून दिले
आणि मला रडू फुटलं.
रागाने की दयेने, ते हिल्सबरो येईपर्यंत ठरेना.
गळ्यात तिकिटांचं यंत्र, नाकात पाणी.
घरी येऊन कॅलेंडर पाहिलं : तेविसावा दिवस.
असं होय.

त्या चार दिवसांना आपल्याकडे किती नावं.
कावळा शिवला. बाहेरची झाली. अडचण आहे.
पण शिवण्याआधी आठवडाभर
जो कौलांवर नुसता फडफडत असतो
त्याला कुणी शब्द दिला नाही.

अंगठी रुतते बोटात.
छाती दुखते, कुणी हात न लावता.
बरण्यांची झाकणं कुणीतरी
मुद्दाम घट्ट लावून ठेवलेली असतात
आणि सुहृद "काय झालं?" म्हणतो
तेव्हा त्या दोन शब्दांत
लग्नापासूनची सगळी भांडणं ऐकू येतात.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, तीन महिने वही लिही.
लिहिते.
दुपारनंतर कॉफी नाही. (दोनदा घेतली.)
दहाला दिवा बंद. फोन दुसऱ्या खोलीत.
लोणच्याची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर,
स्टुलाशिवाय हात पोचू नये म्हणून.
मंगळवारी स्टुलावर चढले.
तेही लिहिलं.

खालच्या मळ्यातली डोरीन, वय सत्तर,
भोपळ्याच्या बिया वाळवून देते पिशवीभर.
म्हणते, मी तर कुदळ घ्यायचे बाई.
बटाट्यांचे दिवस असोत नसोत, खणायचे.
नवऱ्याला वाटायचं, बायको कष्टाळू.

माझ्याकडे कुदळ नाही, वॉकलीचा चढ आहे.
असा उभा, की गुडघे आणि डोकं
एकाच वेळी चालू शकत नाहीत.
पहिल्या वळणावर मी सुहृदशी भांडते,
दुसऱ्यावर सासूशी,
तिसऱ्यावर दम लागतो
आणि भांडायला कुणीच उरत नाही.
वर पोचल्यावर दरीत पाऊस दिसतो,
बारीक, करडा, इथला नेहमीचा,
आणि मी निव्वळ घामेजलेली एक बाई असते.

बरी झाले असं नाही.
झाकण अर्धा आटा सैल झालं, इतकंच.
रात्री पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी
आणि बाजूला सुहृद, आता न विचारता
पाय दाबत.

रविवारी आईला फोनवर हे सगळं सांगितलं.
ती म्हणाली, आम्हाला नव्हती बाई असली थेरं.
बार्शीच्या घरात महिन्यातून एकदा
फळीवरची सगळी पितळी भांडी खाली यायची.
चिंच, राख, आदळआपट.
आम्ही भावंडं मागच्या दारी पळायचो.
"आज भांड्यांचा दिवस" म्हणायचो.
आणि मग ती उंबऱ्यावर बसून
सुंठ-गुळाची गोळी चघळायची, डोळे मिटून,
आणि तेवढा वेळ घर गप्प असायचं.

मी विचारलं, ती सुंठ कशासाठी गं होती?
"खोकल्यासाठी," आई म्हणाली.
खोकला कधी ऐकला नव्हता मी.

बुधवारी तिचाच फोन. अवेळी.
इकडचं तिकडचं झालं, भाव झाले, मावशीचा गुडघा झाला.
मग म्हणाली,
"चालून खरंच उतरतं का गं ते?"
मी म्हटलं, थोडं.
"माझं काय, संपून बारा वर्षं झाली.
आपलं उगाच विचारलं."

फोन ठेवला नाही तिने.
पलीकडे एक भांडं
अगदी हळू
खाली ठेवल्याचा आवाज आला.