दमानं

बाहेर उणे एकतीस. आत चाळीस.
मधे एक दार, कडेला रबराची पट्टी,
आणि पाटी, कोरिननं हातानं लिहिलेली :
भरल्या पोटी आलात, परत जा.
पाणी न पिता आलात, परत जा.
पहिल्या दिवशी मी हसलो.
आजोबा फिनलंडहून आले ते सौना अंगात घेऊनच,
त्यांच्या नातवाला उकाडा काय शिकवता.

त्या दिवशी एका पायावर उभा होतो,
दुसरा हातात,
नाल ठोकायला घोड्याचा खूर धरावा तसा.
आरशात शेजारची नर्स, माझ्याच वयाची,
हलत नव्हती. मग मी कशाला हलू?
आरशाच्या कडा काळ्या पडत आल्या,
तळं गोठतं तशा, काठाकडून मधे.
"आइनो, खाली बस," कोरिन म्हणाली,
आवाज न चढवता.
मी बसलो नाही.
पडलो.

थंडर बेच्या धान्यकोठारात बत्तीस वर्षं काढली.
अख्ख्या प्रेअरीचा गहू नाकासमोरून जहाजात पडला,
त्याची धूळ अजून छातीत आहे;
डॉक्टरीणबाई फोटोत दाखवतात,
पिठूर चांदण्यासारखी.
तिथे बसलेला माणूस म्हणजे आळशी, नाहीतर जखमी.
बाकी सगळे उभे.
लेम्पी गेली त्या रात्री दवाखान्यात कुणी खुर्ची पुढे केली,
ती मी उचलून भिंतीला लावून ठेवली.

आता सोम, मंगळ, गुरू, शनि.
दुपारपासून घोट घोट पाणी.
बाकीचे त्यात चिमूटभर मीठ टाकतात,
माझ्या रक्तदाबाला ते चालत नाही, विचारून घेतलंय.
चटई दाराजवळ, खालून गार झुळूक येते तिथे.
कणकण असेल तर नाही.
आदल्या रात्री बिअर झाली असेल तर नाही.
महिनाभर दांडी मारून एकदम परत येणं तर नाहीच,
तसा आलो होतो मार्चमध्ये; दोन दिवस डोकं ठणकलं.
कोरिन कार्डाला भोक पाडते, छोट्या चिमट्यानं.
एकशे बारा भोकं झाली
आणि गुडघा अजून सरळ होत नाही.
ती म्हणते, त्याला घाई नाही, तुला का?

दम लागतो, हे ठाऊक होतं.
फोरमन दम भरायचे, मीही पुढे भरला.
दम देतात, दम कोंडतात, दुसऱ्याचा काढतातही.
पण दम खातात,
हे मी एकसष्टाव्या वर्षी शिकलो.
त्याला चव असते.
पहिला घास जरा लाजेचा लागतो.

गेल्या शनिवारी एक पोरगं आलं, टॅव्हिश,
हॉकीवालं, मांड्या ओंडक्यांसारख्या.
विसाव्या मिनिटाला बीटासारखा लाल,
पिंढऱ्या थरथरतायत,
आणि डोळे आरशातून माझ्यावर :
हा म्हातारा उभा आहे तोवर मी बसणार नाही.
ओळखलं मी ते. माझंच होतं.

मी ठणठणीत होतो.
तरी खाली बसलो,
टॉवेल तोंडावर धरून, बेतानं.
एक श्वास गेला. दुसरा गेला.
शेजारी धप्प आवाज आला, पण पडल्याचा नव्हे.
कोरिननं पाहिलं आणि पुढचा आकडा मोजला.

संपल्यावर तो ओल्या केसांनीच दाराकडे निघाला.
कोट उघडा, हातात किल्ली.
त्या दारात सत्तर अंशांचा कडा आहे,
तिथून उडी मारायची नसते.
बाकावर जागा केली. टोपी दिली माझी.
दोघांच्या खांद्यांवरून वाफ निघत होती
शेतातून आणलेल्या बैलांसारखी.
नर्स डबीतली संत्र्याची फोड देऊन गेली.

"गाडी तरी गरम करायला लावून येऊ?" तो म्हणाला.

म्हटलं, बस.