ओळंबा

नेरूळच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर,
एमआरआयच्या मागच्या खोलीत माझं टेबल.
खिडकीतून खाडी दिसते म्हणतात.
मला दिसतं एसीचं मागचं अंग
आणि त्यावर संसार मांडलेलं कबूतर.

माझं काम मोजणं.
तापातून माणूस उठला,
तर त्याच्यातलं काय काय उठलं नाही, ते मोजणं.

मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
नीट समजून घे, हा परजीवी मेंदूत शिरतच नाही.
तो उंबरठ्याशी बसतो.
केसाहून बारीक नळ्यांमध्ये,
तांबड्या पेशीच्या पोटात, भिंतीला चिकटून.
त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा,
आणि आतल्यांचा श्वास अडतो.
चोर घरात आलाच नाही आणि घर मात्र लुटलं गेलं.
पंचनाम्याला आपण.

मेंदू उघडून बघता येत नाही,
म्हणून आम्ही डोळ्यात बघतो.
थेंब टाकले की बाहुली मोठी होते
आणि मागच्या पडद्यावर दिसतात पांढरे ठिपके,
सफेदी करताना चुना उडावा तसे.
सेल्या पावराच्या उजव्या डोळ्यात सतरा होते.
सहा महिन्यांनी आज एकही नाही.
कागदावर तो बरा आहे.

सेल्या पावरा, वय चोवीस, अंदाजे.
गाव धडगावच्या वर, डोंगरात.
काम उलव्याला, बाविसाव्या मजल्यावर, गिलाव्याचं.
नव्या स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवतात आठवडाभर,
नितळ पाणी, त्यात टॉवर उलटे दिसतात.
या डासाला घाण लागत नाही,
हे मला तीस वर्षांची झाल्यावर कळलं.

चार दिवस बेशुद्ध होता.
जामली सांगते, पाचव्या दिवशी डोळे उघडले
आणि पहिलं काय विचारलं, तर
माल कोणी कालवला?
सांगताना ती हसते. मग हसत नाही.
आता हा दुकानात जातो आणि नुसता उभा राहतो, म्हणते.

मी चाचणी घेते.
पाच शब्द सांगते, दहा मिनिटांनी परत विचारते.
पियानो, जहाज, मखमल, लिंबू, चष्मा.
तो शहाण्या मुलासारखा म्हणून दाखवतो.
दहा मिनिटांनी म्हणतो, लिंबू.
मग खूप वेळाने,
मॅडम, मखमल काय असते?

पाचपैकी एक, मी लिहिते.
हा आकडा कुणाचा,
त्याच्या मेंदूचा की माझ्या कागदाचा?

मग मी केलं ते नियमात बसत नाही.
कागद उलटा केला, पाठीवर लिहिलं
थापी, घमेलं, रंधा, गुण्या, ओळंबा.
त्याने म्हणून दाखवलं, जरा सरसावून बसत.
मधल्या दहा मिनिटांत
कबूतर दोनदा उडून आलं,
जामलीने पिशवीतल्या गोळ्या मोजल्या,
आणि तो मला समजावत होता
बाहेरच्या भिंतीला वाळू किती, सिमेंट किती.

विचारलं तेव्हा
थापी आली. घमेलं आलं.
रंधा, गुण्या, लागोपाठ.
मग थांबला.
कपाळावर घाम, एसी चालू असून.
तोंडात आहे, म्हणाला,
ते… भिंत खरं बोलते का बघायचं… ते…
पावरीत काहीतरी पुटपुटला, जामलीकडे बघत.
तिलाही सुचेना, किंवा तिने सांगितलं नाही.

त्याने उजवा हात वर उचलला.
अंगठा आणि तर्जनी जुळवली.
दोरा नव्हता, खाली वजन नव्हतं,
तरी एक डोळा मिटून तो
हेलकावा शांत होण्याची वाट बघत राहिला.

फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही.
बोटं जरासुद्धा थरथरत नव्हती.
मी पेन खाली ठेवलं
आणि थांबले,
ते शांत होईपर्यंत.