मधली खुर्ची

रात्री दोनला मी लोखंडी गज घेऊन निघतो.
एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानामागच्या हाडाला.
गाव झोपलं की नळ खरं बोलतात.
टॅकेट्स फोर्कच्या टाकीतून शंभर गॅलन सोडले
तर घरांत पोचतात त्रेपन्न.
बाकीचं पाणी कुठं मुरतंय
ते ऐकायचे मला ताशी एकोणीस डॉलर.

बिडाचे नळ, खाण कंपनीनं टाकलेले.
कंपनी गेली, जाताना
नळ तेवढे आमच्या नावावर करून गेली.
मी त्यांना जागोजागी पट्ट्या आवळल्यात.
परवा एका पट्टीलाच पट्टी आवळली.

सोमवारी राज्याच्या पाणी कर्ज निधीचं पत्र आलं.
डेल्फा कॉम्ब्सनं सभेत उभ्यानं वाचलं,
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
गरीब गावाचं कर्ज आजवर बारा आणे माफ व्हायचं,
आता आठ आणे.
आणि गरीब कोण, ते नव्यानं मोजलंय.
आपण नाही, ती म्हणाली.
आपण रेषेच्या दोनशे बारा डॉलर वर आहोत.

पगार कुणाचा वाढला? म्हातारा बर्जेस स्लोननं विचारलं.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
चोरी झाल्यावर पाहतात तसं.

डेल्फानं खुर्च्या एका रांगेत लावल्या.
या टोकाला सगळ्यांत कमी मिळकत, त्या टोकाला जास्त.
मधल्या खुर्चीत बर्जेसला बसवलं.
ही खुर्ची म्हणजे गाव, ती म्हणाली,
बाकीच्यांना कुणी विचारत नाही.
मग या टोकाच्या चार खुर्च्या तिनं उचलल्या,
भिंतीशी नेऊन एकीत एक रचल्या.
मध्य दोन जागा पलीकडे गेला.
बर्जेस तिथंच बसून राहिला.

भिंतीकडे पाहायची गरज नव्हती.
पुरानंतर कॉडिलच्या ट्रेलर वस्तीतली
एकेचाळीस कुटुंबं निघून गेली होती,
कुणी ओहायोत, कुणी बहिणीच्या गॅरेजात.
ती गेली,
आणि कुणाच्या खिशात सेंटही न पडता
आम्ही सधन झालो.

निधीतला माणूस वाईट नव्हता, डेल्फा म्हणाली,
फोनवर त्याच्यामागे मूल रडत होतं.
तो म्हणाला, एका गावानं फेडलेलं
पुढच्या गावाच्या नळात जातं.
वरून ओतणाऱ्यांनी हात आखडला,
मग खाली कुणाला पाजायचं, कुणाला नाही?
मला याचं उत्तर आलं नसतं.
माझ्याकडे फक्त गज आहे.

आता तीस वर्षं फेडायचं.
सेहेचाळीस डॉलरचं बिल एक्क्याऐंशीवर.
नाहीतर मार्चअखेर घरोघर जाऊन
आपणच आपली मिळकत मोजायची,
सह्या घ्यायच्या, हरकत पाठवायची.
डेल्फानं हात वर करायला सांगितले.
मी हात वर केला, पण कशासाठी
ते नीट ऐकलंच नव्हतं.

त्या रात्री कॉडिलच्या वस्तीत गेलो,
उरलेल्या जोडण्या बंद करायला.
नुसते ओटे, पायऱ्या, पायऱ्यांवर दार नाही.
एकेक मीटर उघडत गेलो, सगळे काटे निपचित.
सतरा नंबरचा फिरत होता.
गज टेकवला.
गळतीचा आवाज मी झोपेतही ओळखतो,
एकसुरी, कण्हल्यासारखा.
हा तसा नव्हता.
थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.
कुणीतरी किटली भरत होतं,
मग भांडं विसळत होतं.

झाडांमागे जुनी स्टेशन वॅगन, काचांना आतून चादरी.
मी टॉर्च विझवला.
चावी व्हॉल्व्हवर बसवलेली, ती काढून घेतली.

वहीत गळतीच्या रकान्यात रेघ मारली,
खाली लिहिलं: सतरा नंबर, राहतं घर.
सकाळी डेल्फाला सांगायचंय,
रांगेच्या या टोकाला एक खुर्ची परत मांड.
तेवढ्यानं मध्य हलतो का
ते तिलाच माहीत.
तोवर माझे हात गंजानं लाल झालेले.