अधिक-उणे

एल्स्पेथ जार्डिन बाईंनी जॅमच्या बरणीतून माती दिली.
बरणीवर जुनं लेबल: गूजबेरी, १९७८.
त्याखाली पेन्सिलीने: राखेचा थर, ओढ्याचा डावा काठ,
जाडी बोटाच्या पेराहून कमी.
'हिचं वय काढ,' म्हणाल्या, 'माझं नको.'

मॉफटच्या वर, सेल्कर्कच्या रस्त्याला,
मेंढ्यांचं फाटक ओलांडलं की जो ओढा लागतो
त्याच्या काठावर बाईंची अडतीस वर्षं गेली.
काळा दगड, पानापानाने सुटणारा,
आणि पानापानावर ग्रॅप्टोलाइट.
कधीकाळी समुद्रात तरंगणाऱ्या वसाहती,
आता नुसती करवतीच्या दातांची रेघ.
जणू पाटीवर कुणी अक्षर गिरवायला बसलं
आणि पहिल्याच काठीला
शाळा सुटली.

बाईंना ती अक्षरं यायची.
दात एकाच अंगाला की दोन्ही, फांदी सरळ की आकड्यासारखी,
एवढ्यावरून सांगायच्या, हा थर आधीचा, तो नंतरचा.
किती आधी, ते दगड सांगत नाही.
आमच्याकडची म्हातारी माणसं नाही का,
'पानशेत फुटलं, त्याच्या आदल्या साली' म्हणतात,
आणि पानशेत कधी फुटलं विचारलं
की गप्प होतात.

म्हणून राख.
कुठेतरी डोंगर फुटला, राख पाण्यावर पडली, तळाशी बसली.
राखेत झिरकॉनचे कण, केसाच्या जाडीचे,
त्यांत कोंडलेलं युरेनियम
हळूहळू शिसं होत राहिलं. कुणी बघत नसतानाही.

माझे मामा मिरजेत पत्रिका मांडायचे.
जन्मवेळ चुकली तर लग्न बदलतं, म्हणायचे,
दोन्ही अर्थांनी, आणि स्वतःच हसायचे.
मी ग्लासगोच्या एका तळघरात
कागदी टोपी घालून धुळीच्या जन्मवेळा काढते.
मामांना हे कधी नीट सांगता आलं नाही.

अकरा कण मिळाले. दोन वगळले. नऊ जुळले.
बाईंचा १९८१चा आकडा,
ज्याच्यावर किती जणांनी आपापले आकडे टेकवून ठेवलेत,
तो बत्तीस लाख वर्षांनी हुकला होता.

तीन दिवस मला पत्र लिहिता येईना.
चौथ्या दिवशी बस पकडून मॉफटला गेले.

स्वयंपाकघरात ओले मोजे वाळत होते.
बाईंनी बुटाच्या नाडीला ओवलेलं भिंग डोळ्याला लावलं,
माझा कागद वाचला, वरून खाली,
मग खालून वर, थर वाचतात तसा.
'दोन का वगळलेस?'
म्हटलं, ते राखेहून जुने आहेत, वाटेत कुठून तरी उचललेले.
'ठीक.'
मग म्हणाल्या, 'माझ्या आकड्यापुढे काय होतं, पाहिलंस?'

पाहिलं नव्हतं. मी तो तक्त्यातून घेतला होता,
तक्त्याने दुसऱ्या तक्त्यातून,
आणि या हातातून त्या हातात जाताना
कधीतरी त्याची शेपटी गळून पडली होती.

बाईंनी फडताळातून मूळ निबंध काढला. पान पिवळं.
आकडा. आणि पुढे: अधिक-उणे नव्वद लाख.
'संपादक म्हणाला, हे काढा, वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही.
मी म्हटलं, मग नका छापू.'

माझा नवा आकडा त्या नव्वद लाखांत
आरामात पाय पसरून बसला होता.

मला आमच्या घरची पत्रं आठवली,
प्रत्येकाच्या तळाशी ठरलेली ओळ,
कमीजास्त लिहिलं असल्यास क्षमा असावी.
बाईंना सांगावंसं वाटलं. इंग्रजीत ते नुसतं
सभ्यपणासारखं ऐकू आलं असतं. नाही सांगितलं.

'माती उरली का?' त्यांनी विचारलं.
नाही. सगळी विरघळवली.
'सगळी?' आता मात्र त्या रागावल्या, खऱ्या.
रिकामी बरणी नळाखाली धरून
लेबल नखाने खरवडू लागल्या, मग थांबल्या, राहू दिलं.

'शनिवारी बूट घेऊन ये,' म्हणाल्या.
वय एक्याऐंशी, डावा गुडघा धातूचा.
'ओढ्याला पाणी असेल.'
किती?
'गुडघाभर,' म्हणाल्या, 'अधिक-उणे.'