दीड वार

आमच्या गावाची छपरं काळी, कुंपणं काळी,
डोंगर तर पाटीचाच, कुणी कितीही उकरला
तरी आतून पुन्हा पाटीच निघते.
पाऊस थांबला की आभाळसुद्धा दिसतं
घाईत पुसलेल्या पाटीसारखं.
म्हणून वेल्सच्या या कोपऱ्यात रंग घरात ठेवतात.
मी पेटीत ठेवते.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली.
आता गुडघा क्लच दाबू देत नाही,
शिलाईमशीनचं पायडल मात्र चालतं त्याला.
गुडघ्याचीही आवडनिवड असते.

सकाळी चहा झाला की पेटी उघडते.
शिवायला नव्हे, आधी नुसती विचारपूस.
लाल फ्लॅनेल, हेडविनच्या वडलांच्या सदऱ्याचं,
अजून ऊब धरून बसलेलं.
निळी चौकट मेरिडच्या झग्याची,
बाही इस्त्रीनं जळाली म्हणून उरलेली
(इस्त्री माझीच).
पांढऱ्यावर चेरी, धुऊन धुऊन इतकी मऊ
की बोट थांबतच नाही.
एकेक घडी उलगडायची, काठावरून अंगठा फिरवायचा,
कोऱ्या सुताची खळ नाकाशी धरायची,
परत ठेवायची.
याला कुणी काम म्हणत नाही.
मी म्हणते.

आणि तळाशी तो.
मोहरी रंगाचा दीड वार,
त्यावर पाकोळ्या, करंगळीच्या नखाएवढ्या,
प्रत्येकीचं तोंड निराळ्या दिशेला.
चौऱ्याऐंशी साली लानरूस्तच्या बाजारात घेतला,
पगार अर्धा होता तेव्हा.
हेडविनला किंमत तीन वर्षांनी सांगितली.
तीही निम्मी.

त्यानंतर गोधड्या झाल्या अकरा, पाळण्यातल्या चार.
दर वेळी तो वर आला, पाहुण्यासारखा टेबलावर बसला,
आणि दर वेळी मी म्हटलं, हिला नको, पुढचीला.
हिचा रंग जुळत नाही,
तिचं घर दमट,
ती नवरी तर गोधडी कुत्र्याखाली घालेल.
(घातली. मी बघितली.
कुत्रा फार छान झोपला होता.)

गुरुवारी शेजारचा माक्सेन आला,
चौदा वर्षांचा, चिंब,
पँटचा खिसा जिभेसारखा बाहेर लोंबत, भोक पडलेला.
घराची किल्ली त्यातून ओढ्यात गेली होती.
"आईला कळायच्या आत," एवढंच म्हणाला.
मी पेटी उघडली.
फ्लॅनेल जाड. चेरी विरलेली. चौकट कधीच संपलेली.
किल्लीचे दात सोसेल असं घट्ट विणीचं
एकच कापड होतं घरात.

चाळीस वर्षं ताटकळलेली कात्री,
ती काही थांबली नाही.
काय तो आवाज!
दंव गोठलेल्या गवतावरून कुणी चालत जावं तसा.

दुहेरी टीप, कोपऱ्यांत उलटटाका.
त्यानं हात आत घातला, चाचपलं,
"मऊ आहे," म्हणाला. बघितलंसुद्धा नाही.
गेला उड्या मारत,
सात पाकोळ्या मांडीशी, अंधारात,
नव्या किल्लीची वाट बघत.

मला वाटलं, आता हळहळ लागेल.
उरलेलं कापड उजेडात धरलं.
एका कोपऱ्याला चौकोनी खाच.
पाहुणा घरचा झाला होता.

आता चौकटीवर ताणली आहे गोधडी,
पोटात जुनं ब्लँकेट,
बशी ठेवून खडूनं काढलेली वर्तुळं,
मधे पान, कडेनं गोगलगायीची वळणं.
इथे मशीन नाही, हातच.
वरच्या बोटाला अंगुस्तान, खालचं उघडं.
टोचल्याशिवाय त्याला कळत नाही
सुई तिन्ही थरांतून आली की नाही.
तीन टाके, चार टाके सुईवर गोळा करायचे
आणि मग ओढायचं, सुर्रर्र.
हेडविन बातम्या लावतो, आवाज बंद करून.
"कुणासाठी?" विचारतो.
ठरलं नाही.
कुत्र्यासाठीही चालेल.
दिवा जरा इकडे कर, म्हणते,
मोहरीत दोरा दिसेनासा झालाय.