खरं

टिळकवाडीत, दुसऱ्या गेटापाशी,
कल्लाप्पा मुचंडीकरांचं सायकलचं दुकान होतं.
नावावरून फसू नका. कल्लाप्पा मराठी,
आणि रोज पाचला त्यांच्याशी भांडायला येणारे
विठ्ठल हुक्केरी, वीजमंडळातून निवृत्त, ते कानडी.
आमच्याकडे नावं ठेवताना
जनगणनेचा कागद कुणी बघितलेला नाही.

भांडण एकच. कुठलं, ते तुम्हाला माहीत आहे.
पाटीवर कुठलं अक्षर वर,
जमिनीचा उतारा कुठल्या लिपीत,
गाव कुणाचं.
माझी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवत
कल्लाप्पा बोलायचे,
आणि बुडबुडा सापडला की तिथं बोट दाबून
आधी वाक्य पुरं करायचे.
मला क्लासला उशीर व्हायचा.

एक नियम होता. कुणी केला, माहीत नाही.
हुक्केरींचं खोडायचं, तर कल्लाप्पांनी
आधी ते कानडीत सांगायचं,
हुक्केरी मान हलवेपर्यंत.
हुक्केरींनी मराठीत.
त्यांच्या मराठीत निर्जीव सगळं नपुंसकलिंगी:
गाडी आलं, पाटी पडलं, राग गेलं.
'तुमचं मागणी जुनं हाय,' ते सुरू करत,
'तुमचं भाषा हापिसात आलं पायजे…'
कल्लाप्पा हसत नसत.
'बरोबर. पुढं?'

कधी मान हलायचीच नाही.
'अर्धंच सांगितलास, कल्लाप्पा.
माझ्या पोरीच्या नोकरीचं गाळलास.'
मग परत पहिल्यापासून.
तोवर गेट पडायचं, लोंढ्याची गाडी जायची,
गेट उघडायचं, स्कूटरी निघून जायच्या,
आणि हे दोघं अजून
एकमेकांच्या बाजूनंच बोलत बसलेले.

एका वर्षी पाट्यांना काळं फासलं.
इकडच्यांनी तिकडच्या, तिकडच्यांनी इकडच्या.
दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं.
हुक्केरी स्टुलावर उभे, हातात रॉकेलची चिंधी,
मुचंडीकरमधला 'मु' जेमतेम वर आलेला.
'कानडी वर पायजे, हे माझं मत अजून हाय,'
ते घासता घासता म्हणाले,
'खरं दुकान कुणाचं, ते वाचाय यायला पायजे.'
खाली कल्लाप्पांनी स्टूल धरून ठेवलं होतं.
'मत चुकीचं आहे तुमचं,' एवढंच म्हणाले.

पुढं पुण्याच्या होस्टेलात पोरी मला हसल्या.
'येतो म्हणाला खरं आला नाही,
यात खरं काय गं?'
मी म्हटलं, आमच्यात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
आणि बोलता बोलता थांबले.
म्हणजे दुसऱ्याचं मोडायला निघताना
आम्ही आधी 'खरं' म्हणतो?
आणि हुक्केरींच्या कानडीत 'पण'ला 'आदर'.
बोट वर करून ते 'आदर…' म्हणायचे,
आणि मला लहानपणी वाटायचं,
कल्लाप्पांना मान देताहेत.

योगायोग आहे. शब्दाला काही ठाऊक नसतं.
याच 'खरं'च्या पुढं आईवरनं शिव्या दिलेल्या
मी याच गेटावर ऐकल्यात.

काल रात्री शिवलीला अंगडीनं,
जी शाळेत माझ्या डब्यातलं खायची,
आमच्या लोकांवर काहीबाही लिहिलं. निवडणूक आहे.
मी फोनवर चार ओळी टाइप केल्या.
चौथी तिच्या बापावर होती.
अंगठा वरच राहिला.

म्हटलं, आधी तिचं सांगून बघू, तिच्या भाषेत.
माझं कानडी भाजीबाजाराचं.
'तुला असं म्हणायचंय का, की'
इथपर्यंत नीट गेलं,
पुढं एक शब्द मिळेना.
आईला उठवून विचारला.
चार ओळी पुसल्या, ही मोडकी दीड पाठवली.

बारा वाजून गेले तेव्हा तिचं उत्तर आलं.
मराठीत. 'अर्धंच आहे.'

मला तिचं पटलेलं नाही. पटेल असंही नाही.
खरं बुडबुडा कुठनं येतोय, ते जरा दिसलं.
बोट तिथंच दाबून
मी परत पहिल्यापासून.